न ऐकता दिलेला निकाल

"फादर, तुम्ही ते ऐकलं आहे का?"

आमच्या पूर्वीच्या धर्मग्रामातील एका तरुणाने त्याच्याच घराच्या ओटीवर आम्हांला हा प्रश्न विचारला. याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असे होते. तीस वर्षांच्या धर्मसेवेत आम्हांला अवघड प्रश्न पुष्कळ विचारले गेले आहेत. देवाच्या अस्तित्वाविषयी, दुःखाविषयी, मेलेल्या अर्भकांविषयी. त्यांना उत्तरे देताना आमची जीभ क्वचितच अडखळली असेल. या साध्या प्रश्नापाशी मात्र ती अडखळली, कारण जे कधी ऐकले नव्हते त्याविषयी आम्ही भर मिस्सेत, व्यासपीठावरून, निकाल देऊन बसलो होतो.

घडले होते ते असे. हा तरुण आमच्या गायकवृंदात गिटार वाजवीत असे. वय वीस-एकवीस, अबोल, पण सरावाला कधी न चुकणारा. एका रविवारी तो फिकट गुलाबी रंगाचा टी-शर्ट घालून आला. त्यावर उंच, बारीक, तुटक अक्षरांत काही लिहिलेले होते. मिस्सेनंतर एका जाणत्या गृहस्थांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, "फादर, हे 'ब्लॅक मेटल' वाल्यांचं आहे. चर्च जाळणारे ते हेच."

चर्च जाळणारे! हे प्रकरण आम्हांला अपरिचित नव्हते. नॉर्वेतील बर्गन शहराजवळ फांतॉफ्त येथे लाकडी खांबांवर उभारलेले एक प्राचीन चर्च होते. मूळचे बाराव्या शतकातील फोर्तून या गावचे. १८८३ साली ते सुटे करून फांतॉफ्तला आणले गेले आणि पुन्हा उभे केले गेले. ६ जून १९९२ रोजी ते जाळण्यात आले. पुढच्या चार वर्षांत त्या देशात सुमारे पन्नास चर्चना आगी लावल्या गेल्या. फांतॉफ्तच्या जळून काळ्या पडलेल्या सांगाड्याचे छायाचित्र १९९३ साली एका ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर झळकले. त्या मुद्रिकेचे नावच 'राख' असे होते, आणि तिच्या पहिल्या प्रतींबरोबर एक लायटर भेट म्हणून दिला जात असे. ती मुद्रिका काढणाऱ्या वादकाला १९९४ साली एका सहकलाकाराच्या खुनाबद्दल आणि अनेक चर्चे जाळल्याबद्दल एकवीस वर्षांची शिक्षा झाली. फांतॉफ्तचे चर्च १९९७ पर्यंत पुन्हा बांधून पूर्ण झाले.

पुढच्या रविवारच्या प्रवचनात आम्ही हे सारे सांगितले. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. परंतु प्रवचनकाराला श्रोत्यांच्या स्तब्धतेची एक धुंदी चढते, आणि त्या धुंदीत आम्ही पुढे म्हणालो, की असल्या संगीताची चिन्हे अंगावर मिरवीत काही जण आपल्याच वेदीपाशी वाजवीत असतात. नाव घेतले नाही. घेण्याची गरजच उरली नव्हती. सगळ्या माना गायकवृंदाकडे वळल्या. तो तरुण त्या दिवशी शेवटचे गीत वाजवून गेला, तो परत आला नाही.

तीन महिन्यांनी त्याची आई आमच्याकडे आली. तिची तक्रार आमच्याविरुद्ध नव्हती, हे विशेष. "फादर, जरा घरी या. तो कोणाशीच बोलत नाही. बापाशी तर नाहीच नाही." आम्ही गेलो. वडील आत दूरचित्रवाणीसमोर बसले होते, ते बाहेर आले नाहीत. मुलगा ओटीवर आला, आमच्यासमोर उभा राहिला आणि त्याने तो प्रश्न विचारला. आम्ही 'नाही' म्हणालो. तो आत गेला, हेडफोन आणि मोबाईल घेऊन आला, त्यातली गाणी आमच्या मोबाईलवर पाठवली आणि म्हणाला, "हेडफोन ठेवा. घाई नाही."

तर ज्या संगीतामुळे हे सारे घडले त्याविषयी आता थोडे सांगितले पाहिजे.

अमेरिकेतील सान फ्रान्सिस्को येथे २०१० साली 'डेफहेवन' नावाचा वाद्यवृंद सुरू झाला. गायक जॉर्ज क्लार्क आणि गिटारवादक केरी मॅकॉय हे कॅलिफोर्नियातील मॉडेस्टो येथील, किशोरवयापासूनचे मित्र. त्यांचा दुसरा अल्बम 'सनबेदर', म्हणजे उन्हात अंग शेकत पहुडलेली व्यक्ती, जून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जॅक शर्ली यांनी त्याचे ध्वनिमुद्रण केले. ढोल डॅनियल ट्रेसी यांचा. एकंदर सात रचना, सुमारे एक तास. चार दीर्घ आणि त्यांना सांधणाऱ्या तीन लहान.

पहिल्या रात्री आम्ही चार मिनिटांत हेडफोन काढून ठेवले. ज्यांनी हे संगीत ऐकलेले नाही त्यांना त्याची कल्पना यावी म्हणून सांगतो. गिटारच्या तारेवर पिक इतक्या वेगाने खालीवर फिरते की सुटे सूर उरतच नाहीत, त्यांची एक सलग चादर होते. ढोल तर पत्र्यावर कोसळणाऱ्या आषाढातल्या पावसासारखा, श्वास न घेता. आणि या दोहोंच्या पाठीमागे, जणू दुसऱ्या खोलीत कोंडलेला असावा असा, एक माणूस गळा फाडून किंचाळत असतो. एक शब्दही कळत नाही. नॉर्वेत जन्मलेल्या शैलीची ही सगळी लक्षणे होत, आणि तिच्यातील जी शाखा वातावरणनिर्मितीवर भर देते तिच्यात एकेक रचना दहा-दहा मिनिटे चालते.

आठवड्याभराने, पाऊस लागलेल्या एका रात्री, आम्ही पुन्हा बसलो. या खेपेस किंकाळीकडे लक्ष न देता गिटारकडे कान लावला, आणि आश्चर्य वाटले. त्या चादरीखाली स्वर उजळ होते. दुःखाच्या नव्हे, पहाटेच्या जातीचे. 'शूगेझ' नावाची एक ब्रिटिश शैली आहे, धुक्यासारख्या पसरणाऱ्या गिटारांची. तिचा हा परिणाम होय असे मागाहून कळले. दोन्हींचा संगम यांच्याही आधी फ्रान्समध्ये 'आल्सेस्ट' या नावाने संगीत करणाऱ्या कलावंताने केला होता, आणि त्याचाच आवाज या अल्बममध्ये एके ठिकाणी मिलान कुंदेरा यांच्या कादंबरीतील उतारा वाचताना ऐकू येतो. पहिल्या वादळी रचनेनंतर येणारी दुसरी रचना तर केवळ गिटार आणि पियानोची आहे. आमच्या कोणत्याही भक्तिमेळाव्यात अर्पणविधीच्या वेळी ती कोणी वाजवली, तर एकाही आजीच्या कपाळावर आठी पडणार नाही.

मग छापील शब्द मिळवून वाचले. त्यांत सैतान नाही, अग्नी नाही, चर्च नाही. क्लार्कचे बालपण ओढगस्तीत गेले. एकदा श्रीमंतांच्या वस्तीतून जाताना हिरवळीवर ऊन खात पडलेली एक तरुणी त्याच्या दृष्टीस पडली. ते घर, ती हिरवळ, ती निश्चिंती आपल्या वाट्याला कधी येणार नाही, ही त्या क्षणाची बोच म्हणजे 'सनबेदर'. हेवा, पैशाची आस, दारू, प्रेम करता न येण्याची खंत, असे साधे, ओळखीचे विषय. आमच्या कबुलीजबाबाच्या जाळीपलीकडून आम्ही दर शनिवारी जे ऐकतो, त्याहून यात वेगळे काही नव्हते. मुखपृष्ठाच्या गुलाबी रंगाचा अर्थही तेव्हा कळला. उन्हाकडे तोंड करून डोळे मिटले असता पापण्यांच्या आत जो रंग दिसतो, तो हा. आम्ही त्याला दुष्टतेचे चिन्ह म्हणालो होतो.

आता या अल्बमचे स्वागत कसे झाले ते पाहावे, कारण आमचा अपराध त्या आरशात आम्हांला अधिक स्वच्छ दिसला. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. निरनिराळ्या नियतकालिकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटॅक्रिटिकने त्याला १०० पैकी ९२ गुण नोंदवले, आणि त्या वर्षीच्या सर्वाधिक वाखाणलेल्या अल्बमांत तो अग्रभागी राहिला. पिचफोर्क या संगीतविषयक नियतकालिकाने १० पैकी ८.९ दिले. २०१७ साली रोलिंग स्टोन मासिकाने निवडलेल्या शंभर श्रेष्ठ मेटल अल्बमांतही त्याला स्थान मिळाले. एवढेच नव्हे, अॅपल कंपनीने २०१३ मध्ये आपला नवा आयफोन ५सी लोकांसमोर आणला, तेव्हा त्याच्या जाहिरातीत हे गुलाबी मुखपृष्ठ झळकले. श्रीमंतांच्या हिरवळीकडे दुरून पाहणाऱ्याचे गाणे श्रीमंतांच्या खिशातल्या वस्तूची शोभा वाढवू लागले! यावर त्या दोन मित्रांनी हसावे की रडावे, हे त्यांचे त्यांनीच ठरवावे.

परंतु याच वेळी ब्लॅक मेटलच्या कट्टर अनुयायांत संतापाची लाट उसळली. त्यांचे आक्षेप काय होते? मुखपृष्ठ काळे नाही, गुलाबी आहे. वादकांचे केस कापलेले आहेत. ते चेहऱ्याला प्रेताचा रंग फासत नाहीत, भयंकर टोपणनावे घेत नाहीत, साधा शर्ट घालून मंचावर येतात. त्यांचे स्वर फार गोड आहेत. हे खरे ब्लॅक मेटल नव्हेच, शहरी हौशी पोरांची ही फॅशन आहे. वर्षानुवर्षे हा वाद चालला, आणि गंमत अशी की त्यातला मोठा भाग संगीताविषयी नव्हताच. कपड्यांविषयी होता.

वाचकहो, हे वाचताना आम्हांला एकट्याला हसू आले आणि पाठोपाठ लाजही वाटली. ज्या पंथाने धर्ममात्राविरुद्ध बंड पुकारले, त्यातही शास्त्री-परूशी निर्माण झालेच! त्यांनी टी-शर्ट पाहून 'हा आमचा नव्हे' असे म्हटले. आम्हीही टी-शर्टच पाहिला आणि 'हा आमचा नव्हे' असेच म्हणालो. दोन विरुद्ध टोकांच्या व्यासपीठांवरून एकाच गुलाबी कापडावर बंदी. आणि स्तुती करणाऱ्यांविषयीही आमच्या मनात थोडी शंका आहे. एरवी या जातीचे संगीत कधीच न ऐकणाऱ्या कित्येकांना हा अल्बम आवडला तो नेमका गोड भागामुळे. किंकाळी त्यांनी सहन केली, ऐकली असे म्हणवत नाही. न ऐकता निषेध होतो तशी न ऐकता वाहवाही होते.

एका ठिकाणी मात्र आम्ही पुरते थांबलो. 'विंडोज' ही सहावी, लहानशी रचना. हिच्यात गाणे नाही, किंकाळी नाही. मंद घरघर आहे आणि तिच्यात बाहेर प्रत्यक्ष टिपलेले दोन आवाज मिसळलेले आहेत. एक आहे रस्त्यावर उभे राहून नरकाविषयी गर्जना करणाऱ्या प्रवचनकाराचा. दुसरा केरी मॅकॉय याचा स्वतःचा, मादक द्रव्य विकत घेतानाचा. ही कोणी रचलेली नाट्यछटा नव्हे. दोन्ही व्यवहार खरोखर घडलेले आहेत.

ही रचना आम्ही किती वेळा ऐकली याची मोजदाद नाही. प्रथम वाटले, ही टिंगल असावी. पण टिंगलीचा सूर कुठे सापडेना. प्रवचनकाराला खोटे पाडलेले नाही, विक्रेत्याला खलनायक केलेले नाही. दोघांचे आवाज एकमेकांच्या शेजारून वाहत जातात आणि कोणीही कोणाचे ऐकत नाही. तो प्रवचनकार आमचा व्यवसायबंधू. त्याचे शब्द कदाचित शास्त्राला धरूनच असतील. पण ज्याच्यासाठी ते उच्चारायचे तो तरुण चार पावलांवर उभा राहून आपल्या विनाशाचा सौदा करीत आहे आणि प्रवचनकाराची पाठ त्याच्याकडे आहे, असे चित्र आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. ऐकता ऐकता त्या आवाजाची जात ओळखीची वाटू लागली. वाक्याच्या शेवटी चढणारी ती पट्टी, तो विराम. त्या रविवारी आमच्या चर्चमधल्या ध्वनिक्षेपकातून निघालेला आवाज याहून फार वेगळा नसावा.

वाद्यवृंदाच्या नावाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. 'डेफहेवन', बहिरा स्वर्ग. ही कल्पना शेक्सपियरच्या एकोणतिसाव्या सुनीतातली. दैवाने झिडकारलेला माणूस व्यर्थ आक्रोश करतो आणि आकाश ऐकत नाही. नास्तिकपणाचे नाव म्हणून कोणी याकडे बोट दाखवील. आम्हांला मात्र शुक्रवारची रात्र आठवली. आम्हां धर्मगुरूंच्या नित्य प्रार्थनाग्रंथात शुक्रवारी झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेसाठी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र नेमलेले आहे. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे पुष्कळ, पण बहुतेकांच्या अखेरीस आशेचा एखादा किरण येतो. या स्तोत्रात तो येत नाही. देव ऐकत नाही असे देवालाच सांगत ते अंधारात संपते. मातेने ते शास्त्रातून काढून टाकले नाही. उलट दर आठवड्याला म्हणण्यासाठी आमच्या हाती दिले. गेली तीस वर्षे आम्ही ते म्हणत आलो, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा जांभई देत म्हणत आलो.

सेमिनरीत असताना संत ऑगस्टिन यांचे स्तोत्रांवरील भाष्य अभ्यासाला होते. हर्ष अनावर झाला की शब्द मागे पडतात आणि नुसता स्वर उरतो, तोही देवाला पोहोचणारा, असा त्यांचा विचार आहे. शेतात पिकाची कापणी करणाऱ्यांचा दाखला त्यांनी दिला आहे. ते लिहितात ते आनंदाविषयी. पण जे आनंदाला लागू, ते वेदनेला का लागू नसावे? आमच्या प्राध्यापकांना हा प्रश्न विचारावा असे त्या काळी सुचले नाही. आज ते हयात नाहीत.

या अल्बमची शेवटची रचना 'द पेकन ट्री'. अकरा मिनिटांहून थोडी मोठी. पेकन हे अक्रोडाच्या कुळातले एक अमेरिकन झाड. गायकाच्या आयुष्यात वडील जवळजवळ नव्हतेच, आणि आपणही तसेच, प्रेम न करता येणारे, होत चाललो आहोत हे भय या रचनेत आहे. आमचे वडील तसे घरातच होते. केळीच्या बागेत राबणारे, पहाटे उठणारे, मिस्सा न चुकवणारे. पण त्यांचा आवाज आम्हां भावंडांना फक्त ओरडण्यापुरता माहीत होता. वेशी पार करून तो येई, आणि आम्ही हातातले टाकून उभे राहत असू. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेत आम्ही त्यांच्या कष्टांविषयी बोललो. आवाजाविषयी बोललो नाही. हा वारसा भावांकडे गेला, आम्ही सुटलो, असे आम्हांला वाटत असे. कारण आम्हांला ना लेक ना घर. पण सारा गाव आम्हांला फादर म्हणतो, आणि त्या रविवारी ध्वनिक्षेपकावरून आला तो आवाज कोणाचा होता, हे 'द पेकन ट्री' ऐकताना आम्हांला कळले.

याचा अर्थ आम्ही या संगीताचे भक्त झालो असा कोणी घेऊ नये. 'व्हर्टिगो' ही चौदा मिनिटांची रचना आम्हांला लांबलेली वाटते. शब्दांत जागोजागी पोरकट अतिरेक आहे. शब्द छापून द्यायचे आणि गाताना ते कोणाला कळू द्यायचे नाहीत, हा अट्टाहासही आम्हांला पुरता पटलेला नाही. आणि फांतॉफ्तच्या राखेचे पाप कोणत्याही सुरेल गिटारने पुसले जात नाही. ते ज्यांनी केले त्यांचे आहे. कॅलिफोर्नियातल्या या दोन मित्रांच्या माथी ते मारण्याचा अधिकार मात्र आम्हांला नव्हता. पुढे २०१८ साली यांनी जो अल्बम काढला त्याचे नाव त्यांनी ग्रॅहॅम ग्रीन यांच्या 'द एंड ऑफ द अफेअर' या १९५१ सालच्या कादंबरीतून घेतले. ग्रीन हे कॅथलिक, आणि ही कादंबरी देवाशी भांडणाऱ्या एका माणसाची. सेमिनरीच्या ग्रंथालयातून ती आम्ही चोरून नव्हे, पण फारसे कोणाला न सांगता वाचली होती. त्या अल्बममधल्या एका गीताला २०१९ च्या ग्रॅमी पुरस्कारांत नामांकनही मिळाले. आणि २०२१ च्या 'इन्फिनिट ग्रॅनाइट'मध्ये तर क्लार्क बहुतांशी किंचाळायचा थांबला आणि गाऊ लागला. तेव्हा पुन्हा काही जण रागावलेच.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही व्यासपीठावरून सांगितले, की अमुक दिवशी आपल्या एका तरुणाविषयी आम्ही जे सूचित केले ते न ऐकता, न विचारता केले होते. ती चूक होती आणि तिच्याबद्दल आम्ही क्षमा मागतो. चार वाक्ये. प्रवचनापेक्षा ती कठीण गेली. त्या जाणत्या गृहस्थांनी मिस्सेनंतर नापसंती कळवली, धर्मगुरूंनी असे बोलल्याने जरब राहत नाही म्हणाले. तो तरुण त्या दिवशी आला नव्हता. त्याची आई दुसऱ्या बाकावर होती. तिने मान वर केली नाही.

जूनमध्ये आमची बदली झाली. सामान बांधून झाले होते, पुस्तकांची खोकी ओसरीत ठेवली होती, तेव्हा तो सायकलवरून आला. त्याने हेडफोन मागितले नाहीत, आम्हीच आणून दिले. थोडा वेळ उभा राहून त्याने विचारले, "फादर, कुठलं आवडलं?"

"शेवटचं," आम्ही म्हणालो. "ते झाडाचं."

त्याने हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. "माझंपण तेच," म्हणाला. त्याच्या वडिलांविषयी विचारावे असे मनात आले. विचारले नाही. पाऊस धरला होता, म्हणून त्याला ओसरीत बसायला सांगितले आणि आत जाऊन चहा टाकला.